रस्त्यावरच्या फलकांचं रेट्रो रीडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महामार्गावरच्या फलकांपुढे रेट्रोरिफ्लेक्टोमीटर, म्हणजे फलक किती उजेड माघारी पाठवतो ते मोजणारं मीटर, धरून उभं राहायचं आणि आकडे उतरवून घ्यायचे, हे माझं रोजचं काम. नवीन लागलेली मुलं, ठेकेदाराचे साइट इंजिनिअर, कधी खात्यातली मंडळी फोन करतात. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच: रीडिंग कमी का येतंय, कालचं आज का जुळत नाही, हा फलक पास की नापास? फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

हे मीटर नेमकं काय मोजतं?

आरशावर टॉर्च तिरकी मारली तर उजेड पलीकडे निघून जातो. फलकावर चिकटवलेल्या चमकत्या शीटवर मारली तर तो जिकडून आला तिकडेच माघारी फिरतो. शीटच्या आत बारीक काचेचे मणी असतात, नाहीतर घनाचा कोपरा कापून ठेवावा तसे सूक्ष्म प्रिझम असतात. सगळी करामत त्यांची. फलकावर किती उजेड पडला आणि त्यातला किती माघारी आला, याचं प्रमाण मीटर देतं. त्याचं एकक कॅन्डेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर. साइटवर एवढं लांबलचक कोणी म्हणत नाही, ‘पांढऱ्याचं रेट्रो दोनशे साठ’ म्हटलं की झालं.

मीटरमध्ये स्वतःचा दिवा असतो आणि माघारी आलेला उजेड टिपणारा डिटेक्टर माणसाच्या डोळ्याला जसं दिसतं त्या बेताने जुळवलेला असतो. त्यामुळे मोजायला रात्रीची वाट बघावी लागत नाही.

०.२ अंश आणि उणे ४ अंश ही काय भानगड आहे?

कामातली अर्धी भांडणं या दोन आकड्यांपायी होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हेडलाइट खाली असतो, ड्रायव्हरचा डोळा वर असतो. उजेड हेडलाइटकडे परत निघतो, पण थोडा पसरतो म्हणून डोळ्यापर्यंत पोचतो. फलकाकडून बघितलं तर हेडलाइट आणि डोळा यांच्यात जो बारीकसा कोन होतो, तो निरीक्षण कोन. कारमध्ये डोळा हेडलाइटच्या साधारण ६० सेंटीमीटर वर धरला, तर सुमारे १७० मीटर अंतरावर हा कोन ०.२ अंश होतो. गाडी ७० मीटरवर आली की तोच अर्ध्या अंशावर जातो. ट्रकवाल्याचं गणित वेगळं. त्याची सीट उंच, डोळा हेडलाइटच्या सव्वा मीटर वर, म्हणजे त्याच १७० मीटरवर त्याचा कोन ०.४ अंशाच्या पुढे. एकच फलक कारवाल्याला लख्ख दिसतो आणि ट्रकवाल्याला मंद, त्याचं कारण हे.

दुसरा आकडा उजेड फलकावर किती तिरका पडतो त्याचा. अगदी समोरून उजेड टाकला तर शीटच्या वरच्या गुळगुळीत थराची नुसती चकाकीही डिटेक्टरमध्ये शिरते. ती टाळायला ४ अंशांचा तिरकेपणा ठेवतात. उणे चिन्ह दिशा दाखवण्यापुरतं आहे, त्याने घाबरायचं कारण नाही.

हातात धरायच्या मीटरसाठी अमेरिकेच्या एएसटीएम या मानकसंस्थेचं ई१७०९ हे मानक ०.२ अंशांचं आहे आणि ई२५४० हे ०.५ अंशांचं. युरोपच्या ईएन १२८९९ मध्ये ०.३३ अंश आणि ५ अंश धरतात. युरोपीय सेटिंगवर घेतलेलं रीडिंग अमेरिकी तक्त्याशी ताडून ‘फलक नापास’ असा शेरा मारलेला रिपोर्ट मी डोळ्यांनी पाहिलाय. फलक बिचारा ठीक होता. मीटरवर कोणता कोन निवडलाय ते रीडिंगच्या आधी बघा आणि रिपोर्टमध्ये लिहा.

रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या मोजायचं मीटर फलकाला चालेल का?

नाही. पट्टीवर उजेड जवळजवळ आडवा पडतो, म्हणून त्या मीटरचे कोन पार वेगळे. त्याचा आकडाही मिलिकॅन्डेलामध्ये येतो. नाव दोघांचंही रेट्रोरिफ्लेक्टोमीटर, म्हणून भाड्याने मागवताना घोटाळा होतो. ‘साइन बोर्डचं’ असं स्पष्ट सांगून मागवा.

कॅलिब्रेशन रोज करायचं का?

रोज, आणि दिवसातून एकदाच नाही. सकाळी सुरू करताना, जेवणानंतर, बॅटरी बदलल्यावर, मीटर आपटलं किंवा हवामान एकदम बदललं की पुन्हा.

पायऱ्या दोन. आधी काळं झाकण लावून शून्य, मग आकडा आधीच ठरलेल्या पांढऱ्या स्टँडर्ड प्लेटवर मीटर टेकवून प्लेटवर लिहिलेलाच आकडा जुळवायचा. दुसरी पायरी सगळे करतात, पहिलीचा कंटाळा करतात. मीही केला होता. काळ्या झाकणात आत धूळ बसली होती, तिच्यावरून थोडा उजेड परतत होता आणि मीटर त्यालाच शून्य समजून प्रत्येक रीडिंगमधून तेवढं वजा करत होतं. पांढऱ्याच्या अडीचशेत दोन वजा झाले तर कोणाला कळतं? पण टाइप १, म्हणजे सगळ्यात कमी उजेड परतवणाऱ्या प्रकारच्या, नव्या निळ्या शीटची किमान अपेक्षाच ४ असते. तिथे दोन वजा म्हणजे निम्मा आकडा गायब. दिवसभराचे निळे फलक नापास दाखवून मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी झाकण पुसल्यावर तेच फलक पास झाले. निळा, हिरवा, तपकिरी अशा गडद रंगांना शून्याची चूक सगळ्यात जास्त झोंबते.

रंगीत शीटसाठी त्याच रंगाची स्टँडर्ड प्लेट मिळाली तर उत्तम. डिटेक्टर कितीही जुळवलेला असला तरी लाल-निळ्याला थोडा घसरतोच.

स्टँडर्ड प्लेट सांभाळायची कशी?

चष्म्याच्या काचेसारखी. बोटं लावायची नाहीत, रुमालाने पुसायची नाही, डॅशबोर्डवर उन्हात टाकायची नाही. ठरलेल्या मुदतीत ती एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून तपासून आणायची आणि प्रमाणपत्राची प्रत गाडीत ठेवायची, कारण साहेब ती साइटवरच मागतात.

यापलीकडे माझा एक घरगुती उपाय आहे. पांढऱ्या, पिवळ्या, लाल आणि हिरव्या शीटचे उरलेले तुकडे अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवून मी एक पाटी केली आहे. रोज निघण्याआधी तिची चार रीडिंग घेतो आणि वहीत लिहितो. तीन-चार महिन्यांची वही उलटली की मीटर हळूहळू सरकतंय का ते लगेच दिसतं. खर्च शून्य.

एका फलकावर किती रीडिंग घ्यायची?

प्रत्येक रंगाची किमान चार, वेगवेगळ्या जागी, मग सरासरी. जागा तुम्ही निवडायच्या. ‘इथे घ्या ना साहेब, इथे चांगलं येतं’ असं म्हणत कोणी बोट दाखवायला लागलं की मी हसून चहाचा विषय काढतो आणि दुसरीकडे मीटर टेकवतो.

सरासरी डोळे मिटून काढू नका. समजा पांढऱ्याची चार रीडिंग आली २६२, २५८, १४९ आणि २६०. सरासरी २३२. फलक नवा आणि अट २५० ची असेल, तर तो नापास. पण तीन आकडे २६० च्या आसपास असताना एकच १४९ का? तिथे परत बघा. पक्ष्याची घाण असेल, ट्रकच्या किंवा फांदीच्या माराने ओरखडा असेल, शीटचा जोड असेल, नाहीतर पत्रा वाकल्याने मीटरचं तोंड नीट टेकलं नसेल. टेकलं नसेल तर ती चूक आपली, रीडिंग पुन्हा घ्या. ओरखडा असेल तर ते फलकाचं खरं दुखणं. तो आकडा खोडायचा नाही, शेजारी कारण लिहायचं.

अक्षरं बारीक असतील तर?

बऱ्याच मीटरचं मोजणारं तोंड साधारण रुपयाच्या नाण्याएवढं असतं. त्या वर्तुळात एकच रंग भरला पाहिजे. गावाच्या नावाच्या छोट्या पाटीवर ‘ळ’च्या वळणावर मीटर टेकवलं तर निम्मं पांढरं, निम्मं हिरवं मोजलं जातं आणि येणारा आकडा कशाचाच नसतो.

देवनागरीत एक सोय आहे. मोठ्या दिशादर्शक फलकावर शिरोरेषा सलग आडवी आणि बऱ्यापैकी जाड असते, पांढरं मोजायला ती सोयीची. इंग्रजी नावात ‘आय’ किंवा ‘एल’चा उभा दांडा शोधावा लागतो. शिरोरेषाही पुरत नसेल तर बाणाचं अंग किंवा कडेची पांढरी किनार बघा. तिथेही जागा नसेल तर मीटरसोबत मिळणारी लहान छिद्राची तबकडी लावा, पण ती लावल्यावर नव्याने कॅलिब्रेशन. हे विसरलं की सगळे आकडे खाली घसरतात आणि माणूस शीटला शिव्या देत बसतो.

मीटर थोडं तिरकं धरलं तर इतका फरक का पडतो?

तुमचं मीटर पॉइंट प्रकारचं आणि फलक प्रिझमच्या शीटचा असणार. पॉइंट मीटरमध्ये डिटेक्टर दिव्याच्या वर एका जागी असतो, हेडलाइटच्या वर डोळा असतो तसा. प्रिझम माघारी उजेड सगळीकडे सारखा पसरवत नाहीत, काही दिशांना जास्त, काही दिशांना कमी. त्यामुळे मीटर घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलं की आकडा फिरतो. मण्यांच्या शीटवर हा त्रास नगण्य.

ॲन्युलर मीटर माघारी आलेला उजेड कड्यासारखा सगळ्या बाजूंनी गोळा करतं, म्हणून ते फिरवलं तरी आकडा फारसा हलत नाही. मग तेच बरं का? हाताळायला बरं, पण ड्रायव्हरचा डोळा कडं करून बसत नाही, तो हेडलाइटच्या वरच असतो. प्रत्यक्षाच्या जवळ पॉइंट मीटर, फक्त ते सरळ उभं धरायची शिस्त हवी. माझ्या मीटरच्या पाठीवर मी गवंड्याच्या लेव्हलचा छोटा बुडबुडा चिकटवलाय.

आणखी एक गोष्ट दुकानात घडते. शीट वाचवायला कटर ऑपरेटर अक्षरं उभी-आडवी कशीही बसवून कापतो. एकाच शब्दातली दोन अक्षरं मग वेगवेगळं रीडिंग देतात. रात्री गाडीतूनही एक अक्षर उजळ, एक मंद दिसतं. अशा वेळी मीटरवर शंका घेऊ नका.

लाल रंगाचं रीडिंग वाढलंय. म्हणजे शीट चांगली ना?

उलट. ‘थांबा’च्या फलकावर बहुतेक वेळा पांढऱ्या शीटवर पारदर्शक लाल शाई किंवा फिल्म असते. उन्हाने लाल उडायला लागला की त्यातून पांढऱ्याचा उजेड डोकावतो आणि लालचा आकडा चढतो. नव्या टाइप ३ शीटच्या किमान आकड्यांवर पांढरा २५० आणि लाल ४५, म्हणजे साडेपाचपट फरक. उन्हात वर्षानुवर्षं उभ्या फलकावर पांढरा २०० आणि लाल ७५ आला, तर दोन्ही आकडे एकेकटे दणदणीत, पण फरक पावणेतीनपटही उरत नाही. रात्री फलक नुसता गुलाबी ठिपका दिसतो. अमेरिकेच्या एमयूटीसीडी या रस्त्यावरच्या फलकांच्या नियमपुस्तकात अशा फलकासाठी पांढरा किमान ३५, लाल किमान ७ आणि शिवाय दोन्हींत ३:१ चं प्रमाण मागितलंय, ते याचसाठी. तुमच्या टेंडरमध्ये प्रमाणाची अट नसली तरी भागाकार करून बघा.

फलक पुसून मोजायचा की आहे तसा?

प्रश्न कशासाठी विचारताय त्यावर आहे. आज रात्री ड्रायव्हरला काय दिसणार हे हवं असेल तर आहे तसा. शीट वॉरंटीत टिकली का हे हवं असेल तर धुऊन. मी शक्य तिथे दोन्ही घेतो. खडी क्रशरजवळच्या किंवा ऊसवाहतुकीच्या रस्त्यावरच्या फलकांत या दोन आकड्यांतली दरी बघण्यासारखी असते. कित्येकदा फलक बदलायचा खर्च बादलीभर पाण्यावर निभावतो.

धुवायचं म्हणजे साधं पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ फडकं, मग स्वच्छ पाणी आणि पूर्ण वाळवणं. कोरड्या फडक्याने धूळ घासू नका, तिचाच पॉलिशपेपर होतो. थिनर, रॉकेल लांब ठेवा. कोकणात पावसाळ्यानंतर फलकावर हिरवट शेवाळ धरतं, ते भिजवून सोडायचं आणि मग पुसायचं.

पहाटे लवकर सुरुवात केली तर काम लवकर आटपेल ना?

आटपेल, आणि दुपारी सगळं पुन्हा करावं लागेल. डिसेंबरात आंबा घाटात मी सकाळी सातला सुरुवात केली. टाइप ४ चा पांढरा, आकडे शंभराच्या आत. फलक कोरडा वाटत होता, बोट फिरवलं तर ओलं. दवाचा इतका पातळ थर होता की डोळ्याला दिसेना. प्रत्येक थेंब उजेड भलतीकडे वळवतो. साडेदहाला तिथेच उभं राहून मोजलं तर ३७० च्या आसपास. तेव्हापासून मोजायच्या आधी तळहात फिरवायची सवय लागली. फलक कोरडा, मीटरचं तोंड कोरडं, मगच बटण.

याची उलटी बाजू कोकणातल्या दमट हवेत दिसते. एसी गाडीतून गार मीटर बाहेर काढलं की काचेवर वाफ धरते. रीडिंग सुरू करायच्या आधी मीटर आणि स्टँडर्ड प्लेट दोन्ही वीसेक मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवा, मग कॅलिब्रेशन.

भर उन्हात रीडिंग बिघडतं का?

मीटरचं तोंड फलकाला घट्ट टेकलं तर नाही. भोवतीचं रबर किंवा फोम झिजलेला असेल, पत्रा वाकलेला असेल, तर फटीतून ऊन शिरतं. तपासायची युक्ती सोपी: रीडिंग घ्या, मग मीटरवर जाकीट टाकून झाका आणि पुन्हा घ्या. आकडा बदलला तर ऊन शिरतंय. विदर्भात मे महिन्यात पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो, मीटरही तापतं आणि सरकतं. तिथे अकराच्या आत उरकायचं आणि मधल्या वेळी सावलीत कॅलिब्रेशन तपासायचं.

आलेला आकडा कशाशी ताडून बघायचा?

आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसचं फलकांचं मानक आयआरसी:६७, ज्याची २०२२ ची आवृत्ती आहे, आणि तुमच्या कामाचं टेंडर. शीटचे प्रकार अमेरिकेच्या एएसटीएम डी४९५६ मधल्या नावांनीच ओळखले जातात. ०.२ आणि उणे ४ अंशांवर नव्या पांढऱ्या शीटचे तिथले किमान आकडे असे: टाइप १ ला ७०, टाइप ३ ला २५०, टाइप ४ ला ३६०, टाइप ९ ला ३८० आणि टाइप ११ ला ५८०. टाइप ११ चा पिवळा ४३५, हिरवा ५८.

हे सगळे नव्या शीटचे आकडे आहेत. सहा वर्षं उभ्या असलेल्या फलकाला ५८० लावून नापास करणं अन्याय आहे. तिथे वॉरंटीत कितव्या वर्षी किती टक्के उरायला हवं ते बघा. आणि अर्ध्या अंशावर मोजलं असेल तर आकडे वेगळेच, टाइप ११ चा पांढरा तिथे ५८० ऐवजी ४२०.

गॅन्ट्रीवरचा, म्हणजे रस्त्यावरून आडव्या जाणाऱ्या लोखंडी कमानीवरचा, फलक कसा मोजायचा?

लेन बंद करून, क्रेनच्या बास्केटमधून, हार्नेस लावून. काही मीटरना लांब दांडी जोडता येते, पण साडेपाच मीटरच्या वर दांडीच्या टोकाला मीटर सपाट टेकलंय की नाही ते खालून कळत नाही. वाऱ्यात तर नाहीच. गॅन्ट्रीचा आकडा महत्त्वाचा, कारण हेडलाइट लो बीमवर असला की वर फार थोडा उजेड जातो. म्हणूनच एमयूटीसीडी हिरव्या फलकावरच्या पांढऱ्या अक्षरांना खांबावर किमान १२० मागते आणि डोक्यावर २५०. हे काम एका दिवसात उरकायची घाई कोणी केली तर मी सरळ नाही म्हणतो.

मीटर नाही. मोबाइलच्या फ्लॅशने चालेल?

मोबाइलचा फ्लॅश आणि लेन्स अगदी जवळ असतात, त्यामुळे जुनी शीटही फोटोत झगमगते. एकाच फोटोत शेजारी-शेजारी दोन फलक असतील तर मेलेला कोणता ते कळतं, एवढाच उपयोग. त्यापेक्षा रात्री लो बीमवर गाडीतून फिरून यादी करा. अमेरिकेत रात्रीच्या अशा डोळ्यांनी करायच्या तपासणीच्या एका पद्धतीत तपासणारा माणूस साठ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असावा असं सांगितलंय, कारण वयाबरोबर डोळ्याला उजेड जास्त लागतो. आमच्या टीममध्ये त्या कामाला निवृत्त झालेले एक काका येतात. पंचविशीतली पोरं जो फलक ‘दिसतोय की’ म्हणतात, तिथे काका वहीत फुली मारतात, आणि सकाळी मीटर बहुतेक वेळा काकांची बाजू घेतं.

दोन मीटरचे आकडे जुळत नाहीत. खरं कोणतं?

आधी दोन्ही मीटर एकाच प्रकारची, एकाच कोनावरची आहेत का बघा. मग दोन्ही एकाच स्टँडर्ड प्लेटवर कॅलिब्रेट करा आणि फलकावर खडूने वर्तुळ आखून नेमक्या त्याच जागी मोजा. एवढं करूनही शेकड्यात पाच-दहाचा फरक राहिला तर मी वाद घालत नाही. पांढऱ्यावर जुळतात आणि लाल-निळ्यावर फाटतात असं असेल, तर कोणाच्या तरी डिटेक्टरची रंगाची जुळवणी बिघडली आहे. ज्या मीटरचं प्रमाणपत्र मुदतीत आहे त्याचा आकडा रिपोर्टमध्ये जातो, आणि दुसरं मीटर दुरुस्तीच्या पेटीत.